घरातला वायफाय राउटर

राउटर म्हणजे घरातले मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप बाहेरच्या इंटरनेटला जोडणारा डबा. लोक त्याला नुसतं वायफाय म्हणतात, पण वायफाय देणं हे त्याचं अर्धंच काम. खरं काम पत्त्यांचं आहे. इंटरनेट कंपनीकडून घराला एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर ओळखायचा नंबर, मिळतो आणि तो सगळ्यांना पुरवायचा असतो, म्हणून राउटर प्रत्येक मोबाईलला आतल्या आत वेगळा पत्ता देतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमधे पण हेच आकडे आणि अशोक चौकाकडच्या यंत्रमागवाल्या घरात पण हेच, तरी गोंधळ होत नाही कारण हे पत्ते उंबऱ्याबाहेर जातच नाहीत. आईनं कीर्तन लावलं, पोरानं गेम लावला, दोघांची मागणी एकाच पत्त्यावरून बाहेर पडते, राउटर प्रत्येकीला पोर्ट नंबर लावून लिहून ठेवतो आणि उत्तर आलं की नंबर बघून ज्याचं त्याला देतो. ह्याला नॅट म्हणतात. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत सगळ्या जगाला मिळून साधारण ४३० कोटीच पत्ते आहेत, त्यामुळं ह्याच्याशिवाय भागलंच नसतं.

बाहेरून राउटरपर्यंत येणारी फायबरची वायर म्हणजे केसाएवढा काचेचा धागा, त्यातून उजेड येतो. खांबावरच्या डब्यात एका धाग्याचे फाटे करून ३२ नाहीतर ६४ घरांना देतात. डब्यावरचा पॉनचा (PON) दिवा हिरवा स्थिर असला की लाईन ठीक, लॉसचा (LOS) लाल लागला की उजेडच पोचत नाही, मग राउटर कितीदा बंद-चालू करा, फरक पडत नाही. आमच्याकडं कपाट सरकवताना मागं वायर दुमडली होती, लाईनवाल्या पोरानं ती नुसती सरळ केली आणि दिवा हिरवा झाला. काच तुटली नव्हती, पण जास्त वाकली की उजेड कडेनं बाहेर जातो.

वायफाय रेडिओ लहरींच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालतं, त्यात २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण भिंतीला भिंत लागलेल्या चाळीत सगळ्यांचंच तिथं असल्यानं गर्दी होते, ५ गिगाहर्ट्झ जोरात चालतं पण जुन्या दगडी भिंतीपुढं दमतं. बरेच राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि सोलापूरचा मे महिना ४० च्या वर जातो, त्यात पत्र्याखालच्या माळ्यावर डबा ठेवला तर दुपारी नेट अडकणारच. मधल्या खोलीत, छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्या हवेत ठेवा. लाईट जाते तिथं १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की राउटर चालू राहतो.