पेट्रोल मोटारहोम की डिझेल पुशर? निवृत्तीनंतर बारमाही राहण्यासाठी वापरलेली गाडी निवडताना

फ्लोरिडा, ॲरिझोना किंवा टेक्सासमध्ये वापरलेल्या मोटारहोम विकणाऱ्याच्या आवारात गेलात, तर बसच्या आकाराच्या, पुढे मोठी सपाट काच असलेल्या दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या दिसतील. दोन्हींची लांबी छत्तीस-सदतीस फूट, दोन्हींच्या भिंतींचे भाग बटण दाबताच बाहेर सरकणारे, आत तसाच सोफा, तसाच स्वयंपाकाचा ओटा, तसाच पलंग. किंमतही पुष्कळदा जवळपास सारखी. एक गाडी पाच-सात वर्षांची असते, तर दुसरी पंधरा वर्षांची. पहिलीचे पेट्रोल इंजिन चालकाच्या पुढ्यात असते. दुसरीचे डिझेल इंजिन पार मागे, शयनकक्षाखाली बसवलेले असते आणि ते गाडीला मागून रेटते, म्हणून तिला डिझेल पुशर म्हणतात. दोन्ही ‘क्लास ए’ याच वर्गात मोडतात आणि तिथेच गल्लत होते. अमेरिकेत हयात घालवल्यावर राहते घर विकून सिएटल, डॅलस, न्यू जर्सी अशा तीन दिशांना पांगलेल्या मुला-नातवंडांकडे ऋतुमानाप्रमाणे फिरत राहावे, असा विचार करणाऱ्या मराठी जोडप्याने हा फरक नीट समजून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

फरक ओळखणे अवघड नाही. पुशरच्या पाठीवर इंजिनाला हवा मिळण्यासाठी मोठी जाळी असते आणि चालकाच्या हाताशी एअर ब्रेकची पिवळी, चौकोनी खुंटी असते. ती बाहेर ओढली की गाडी जागेवर जखडते. पेट्रोल गाडीत ही खुंटी नसते, तिचे ब्रेक मोटारीसारखे तेलाच्या दाबावर चालतात. मात्र जाहिरातीत नुसते ‘डिझेल’ लिहिलेले असेल तर तेवढ्यावर विसंबू नये, कारण इंजिन पुढे असलेल्या डिझेल मोटारहोमही काही वर्षे विकल्या गेल्या आहेत आणि त्यांत पुशरचे बरेचसे फायदे मिळत नाहीत.

पेट्रोल गाडी बहुतेक वेळा फोर्डच्या एफ-५३ या चासीवर, म्हणजे इंजिन-चाकांसकट तयार सांगाड्यावर, बांधलेली असते. तिच्यात २०१९ पर्यंत ६.८ लिटरचे दहा सिलिंडरचे इंजिन येत असे, त्यानंतर ७.३ लिटरचे आठ सिलिंडरचे आले. पुशरची चासी प्रामुख्याने फ्रेटलायनर किंवा स्पार्टनची, इंजिन बहुधा कमिन्सचे किंवा जुन्या गाड्यांत कॅटरपिलरचे, आणि गिअरबॉक्स ॲलिसनचा. अश्वशक्तीचे आकडे पाहून फसगत होते. फोर्डच्या दहा सिलिंडरच्या नंतरच्या इंजिनाची शक्ती ३६२, तर कमिन्सच्या ६.७ लिटर इंजिनाची ३४० ते ३६०. म्हणजे कागदावर दोन्ही तुल्यबळ. पण चाक फिरवणारा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो पहिल्यात ४५७ पाउंड-फूट आहे आणि दुसऱ्यात ६६० ते ८००, तोही कितीतरी कमी फेऱ्यांवर मिळणारा. त्यामुळे चढावर पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजारांहून अधिक फेऱ्यांवर जाते आणि चालकाच्या पायाशी असलेल्या त्याच्या आवाजात शेजारच्याशी बोलणे मुश्कील होते. उंचीवर विरळ हवेचाही फटका बसतो: टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोत डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना आयझेनहॉवर बोगदा सुमारे ११,००० फुटांवर लागतो. तिथे पोहोचेपर्यंत पेट्रोल गाडीची अवस्था खंडाळ्याच्या घाटात पहिल्या गिअरमध्ये चढणाऱ्या जुन्या एस. टी.सारखी झालेली असते. टर्बो असलेल्या डिझेलला हा त्रास पुष्कळ कमी होतो. उतरताना तर फरक आणखी जाणवतो, कारण बहुतेक पुशरमध्ये इंजिनाच्याच रोधाने वेग आवरणारा जादा ब्रेक असतो, आणि चाकांचे ब्रेक तापू न देता मैलोन् मैल उतरता येते.

असे असले तरी बारमाही राहणाऱ्याने पहिला विचार इंजिनाचा करू नये, वजनाचा करावा. सहलीला जाणारे कुटुंब आठवड्याचे सामान भरते, तर कायमचे राहणारे जोडपे सगळा संसार भरते. एफ-५३ चासीवर सामान-माणसांसह एकूण वजनाची कमाल मर्यादा २६,००० पाउंड आहे, आणि कारखान्यातून निघतानाच गाडी त्या मर्यादेच्या इतकी जवळ असू शकते की प्रत्यक्ष भरण्यासाठी दोन-तीन हजार पाउंडच उरतात. २००८ च्या मध्यापासून बनलेल्या प्रत्येक मोटारहोममध्ये दाराजवळ एक लेबल चिकटवलेले असते, त्यावर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल हा आकडा छापलेला असतो. विक्रेता स्वयंपाकघर दाखवत असतो तेव्हा आपण आधी हे लेबल वाचावे. त्या आकड्यातून दोघांचे वजन वजा करा. पाण्याची टाकी शंभर गॅलनची असेल तर ती पूर्ण भरल्यावरचे ८३० पाउंड वजा करा. मागे ओढायच्या मोटारीचा जो भार जोडणीवर येतो तोही वजा करा. मग उरले ते तांदळाच्या आणि कणकेच्या पोत्यांना, प्रेशर कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणे, पुस्तके, हत्यारांची पेटी, खुर्च्या आणि थंडीच्या कपड्यांना. मराठी स्वयंपाकाचा पसारा काही हलका नसतो आणि ‘तेवढ्याने काय होते’ म्हणत भरलेले डबेच शेवटी मागच्या आसावर बसतात. पुशरच्या चासीची मर्यादा बहुधा अधिक असते, पोटाखालचे सामानाचे कप्पे मोठे असतात आणि मोटार ओढण्याची क्षमता पुष्कळ गाड्यांत १०,००० पाउंड असते, तर पेट्रोल गाडीत ती साधारणपणे ५,००० असते. पण ‘पुशर आहे म्हणजे वजनाची चिंता नाही’ असेही धरू नये, कारण कमी किमतीच्या पुशरमध्ये तीन-चार सरकत्या भिंती घातल्यावर उरलेली क्षमता चांगल्या पेट्रोल गाडीपेक्षाही कमी भरू शकते. सौदा होण्यापूर्वी गाडी ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर न्यावी. तिथे प्रत्येक आसाचे वजन वेगळे मिळते. बारमाही राहणाऱ्यांची एस्केपीज ही जुनी संघटना टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टन येथे प्रत्येक चाकाचे वजन वेगवेगळे करून देते आणि डाव्या-उजव्या बाजूचा असमतोल तिथेच उघड होतो.

राहण्याच्या सोयीत वीज महत्त्वाची. पुशरमध्ये बहुधा ५० अँपिअरची जोडणी असते. पेट्रोल गाड्यांत ती ३० ची असू शकते. हे आकडे ऐकायला जवळचे वाटतात, पण ३० ची जोडणी ३,६०० वॅट देते आणि ५० ची, दोन तारांमधून येत असल्याने, १२,००० वॅट. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात दोन वातानुकूलन यंत्रे चालवून शिवाय मायक्रोवेव्ह लावायचा असेल, तर ३० मध्ये भागत नाही. एका गोष्टीत मात्र पेट्रोल गाडी सरस ठरते: मुक्कामाच्या ठिकाणाहून पहाटे निघायचे असेल तर पुशरमध्ये झोपलेल्याच्या गादीखालीच इंजिन सुरू होते.

आता खर्च. पेट्रोल इंजिनाला तेल सहा ते आठ क्वार्ट लागते, मोठ्या डिझेलला पंचवीसहून जास्त. डिझेलला इंधनाचे फिल्टर, शीतक, हवेतील ओलावा शोषणारे ड्रायरचे डबे, ॲलिसनचे फिल्टर अशी वर्षानुवर्षे चालणारी यादी असते. पेट्रोल गाडी ट्रकची कामे घेणाऱ्या कित्येक फोर्ड विक्रेत्यांकडे दुरुस्त होते; पुशरला जड वाहनांची कार्यशाळा लागते आणि तिथला तासाचा दर चढा असतो. प्रतिगॅलन मैलांत डिझेल थोडे पुढे असले, तरी त्या बचतीतून ही तफावत भरून निघण्यासाठी फार अंतर कापावे लागते. ‘डिझेल इंजिन लाखो मैल चालते’ हे खरे आहे, पण निवृत्त जोडपे वर्षाला सात-आठ हजार मैल फिरणार असेल तर त्या आयुष्याचा त्यांना उपयोग नाही, कारण इंजिनाच्या कितीतरी आधी छप्पर झिजते. शिवाय बारमाही राहणाऱ्याची गाडी कार्यशाळेत गेली म्हणजे त्याचे घरच कार्यशाळेत गेले. त्या दोन आठवड्यांचे हॉटेलभाडे दुरुस्तीच्या बिलात कोणी धरत नाही. माझ्या मते गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला काढून ठेवता येत नसेल, तर जुन्या पुशरच्या वाटेला जाऊ नये.

जुन्या पुशरचे वय पाहताना गाडीच्या ‘मॉडेल’ वर्षापेक्षा इंजिन कोणत्या वर्षी बनले ते पाहावे. २००७ पासूनच्या इंजिनांना काजळी अडवणारा फिल्टर आला आणि २०१० पासून धूर स्वच्छ करणारे वेगळे द्रव भरावे लागू लागले; त्यांचे संवेदक बिघडले की इंजिन आपली ताकद आपणच कमी करते. त्याआधीची इंजिने साधी आहेत आणि म्हणून २००३ ते २००७ मधल्या निगा राखलेल्या पुशरना आजही जाणकार गिऱ्हाईक मिळते. पण त्या काळातले मोनॅको, फ्लीटवूड, कंट्री कोच हे बांधणारे २००९ मध्ये दिवाळखोरीत गेले. इंजिन-गिअरबॉक्सचे भाग मिळतात. समोरची काच, पाठीचा घडीव भाग, सरकत्या भिंतीची विशिष्ट मोटर शोधताना मात्र दमछाक होते. काही खासगी मुक्कामस्थळे दहा वर्षांहून जुनी गाडी घेत नाहीत किंवा आधी छायाचित्र मागतात, आणि पुष्कळ बँका बारमाही राहणाऱ्याला किंवा फार जुन्या गाडीला कर्ज देत नाहीत. या बाबतीत वयाने लहान असलेल्या पेट्रोल गाडीचे पारडे जड आहे.

तपासणीत दोन्हींचा मोठा शत्रू पाणी. शिडीने छपरावर चढून कडांचा आणि झरोक्यांभोवतीचा लेप पाहावा. कललेल्या उन्हात बाहेरच्या भिंतीवरून तिरकी नजर फिरवून फुगवटे शोधावेत. आतल्या वरच्या कपाटांच्या कोपऱ्यांत आणि सरकत्या भिंतीच्या टोकाशी जमीन अंगठ्याने दाबून पाहावी. मऊ लागली, तर तिथून परत फिरावे. पुढचे काही पाहण्याची गरज नाही. टायरवर ‘डॉट’ या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर बदललाच पाहिजे, आणि पुशरचे सहा मोठे टायर हा हजारोंचा खर्च आहे. पुशरमध्ये याखेरीज पलंगाखालची झडप उचलून विजेरीने रेडिएटरच्या पुढ्यातली हवा थंड करणारी जाळी पाहावी. इंजिनाच्या श्वासनळीतून उडालेले तेल आणि रस्त्याची धूळ यांचा तिथे चिकट थर बसतो आणि मग चढावर इंजिन तापते. पॉलिश लावल्यासारखी स्वच्छ गाडी, पण ही जाळी काळीकुट्ट, असे दिसले तर निगा वरवरची आहे हे ओळखावे. इंजिन बंद करून एअर ब्रेकचा दाब किती वेगाने उतरतो तेही घड्याळ लावून पाहावे. आणखी एक: वीस वर्षांच्या गाडीवर पंचवीस हजार मैलच असतील तर हरखून जाऊ नये, उभ्या राहिलेल्या गाडीची सीलं वाळतात, जनरेटर जाम होतो. नियमित चाललेली, पावत्यांची फाइल असलेली साठ हजार मैलांची गाडी मी अधिक पसंत करीन.

कुणी काय घ्यावे, याचे माझे उत्तर फिरण्याच्या सवयीवर अवलंबून आहे. हिवाळ्याचे पाच महिने टेक्सासच्या दक्षिण टोकाला आणि उन्हाळ्याचे पाच महिने मुलाच्या गावाजवळ, असे दोन लांब मुक्काम असतील, तर पेट्रोल गाडी घ्यावी आणि उरलेले पैसे गाठीशी ठेवावेत. दर दोन आठवड्यांनी तळ हलवायचा असेल, रॉकी पर्वत वारंवार ओलांडायचे असतील, मागे जड मोटार ओढायची असेल, तर पुशरला पर्याय नाही. कोणतीही घेतली तरी दोघांनीही ती चालवून पाहावी, कारण एकाची तब्येत बिघडल्यावर दवाखान्यापर्यंत गाडी दुसऱ्यानेच न्यायची असते.

टेक्सासला आपला कायदेशीर पत्ता करणाऱ्यांनी परवान्याचाही विचार करावा: तिथे २६,००० पाउंडांवरच्या मोटारहोमला वेगळा, बिगर-व्यावसायिक ‘बी’ वर्गाचा परवाना लागतो. बहुतेक पेट्रोल गाड्या या मर्यादेच्या आत बसतात, बऱ्याच पुशर बसत नाहीत. विसार देताना ‘स्वतंत्र तपासनीसाचा अहवाल आणि इंजिन, गिअरबॉक्स व जनरेटरच्या तेलाचे प्रयोगशाळेतील निकाल समाधानकारक न आल्यास रक्कम परत’ ही अट लेखी घालून घ्यावी. ती घालायला जो विक्रेता कां-कूं करतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.