खापरावरचा मांडा आणि युरियाची गोणी

आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी आमच्या घरी गहू ओलवून, दळून, पीठ वस्त्रगाळ करून ठेवलेलं असतं. सकाळी अंगणात चूल पेटते, तिच्यावर मातीचं खापर पालथं पडतं आणि मोठी मामी मांड्यासाठी पुरण भरलेला गोळा हातावर घेते. लाटणं नाही, पोळपाट नाही. गोळा या हातावरून त्या हातावर फिरत राहतो, मनगटावरून कोपराकडे पसरत जातो आणि आतलं पुरण पिवळंधमक दिसू लागेल इतका पातळ होतो. तरी फाटत नाही. एकदा मी मामीला याचं गुपित विचारलं, तर म्हणाली, "गहूच तसा पाह्यजे, भाऊ."

मामीच्या या उत्तरात गव्हाच्या रोपाची चार महिन्यांची कहाणी आहे.

गव्हाच्या दाण्यात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रकारची प्रथिनं असतात. पीठ भिजवून तिंबलं की त्यांचं जाळं तयार होतं. ग्लायडिनमुळे ते ताणलं जातं, ग्लुटेनिनमुळे ताणूनही तुटत नाही. प्रथिन म्हटलं की नत्र, म्हणजे नायट्रोजन, आलंच. एक किलो पिठात 100 ग्रॅम प्रथिनं धरली तर त्यात साधारण साडेसतरा ग्रॅम नत्र असतं. एकरी 15 क्विंटल गहू निघाला तर नुसत्या दाण्यांतून 26 किलोच्या आसपास नत्र शेताबाहेर जातं. ते येतं कुठून? थोडं जमिनीतून, थोडं शेणखतातून आणि बरंचसं गोणीतून.

युरियाची गोणी 45 किलोची आणि युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे एका गोणीत पावणेएकवीस किलो नत्र. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे. ती एकराला जवळपास 49 किलो होते, सगळं नत्र युरियातूनच द्यायचं म्हटलं तर सव्वादोन गोण्यांहून थोडं जास्त. कापूस उपटून उशिरा पेरलेल्या गव्हाला याहून कमी लागतं. आपल्याकडे नेमकी याच गव्हाला गोणी जास्त पडते, कारण मागे पडलेलं पीक खताने पुढे येईल अशी आशा असते.

गव्हाचं मूळ युरिया मुख्यतः जसाच्या तसा घेत नाही. मातीतलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) आधी त्याचे तुकडे करून अमोनिया बनवतं. तापी-गिरणेच्या काठची आपली काळी जमीन विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची. तिथे युरिया वरच पडून राहिला तर अमोनियाचा काही भाग वायू होऊन सरळ हवेत जातो. फोकल्यावर लगेच पाणी भरतात ते यासाठी. मातीत मुरलेला अमोनिया अमोनियम होऊन चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट मातीला धरून राहत नाही, ते पाण्याबरोबर चालतं. मुळापर्यंत सहज पोचतं, पण पाणी जास्त भरलं तर मुळाच्या खालीही उतरतं आणि शेवटी विहिरीत जातं.

आता खरी गंमत रोपाच्या आत आहे. मुळांनी ओढलेलं नायट्रेट पानात येतं, पण त्या रूपात ते प्रथिनाच्या कामाचं नसतं. आधी नायट्रेट रिडक्टेज हे विकर त्याचं नायट्राइट करतं. या विकराला चालायला मॉलिब्डेनम आणि लोह लागतं. नायट्राइट विषारी, म्हणून पेशी ते साठू देत नाही, लगोलग हरितलवकात, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांत, पाठवते. तिथे त्याचा अमोनिया होतो. नायट्रेटच्या एका रेणूपासून अमोनियापर्यंत पोचायला आठ इलेक्ट्रॉन खर्च होतात आणि पानात ते बहुतांशी सूर्यप्रकाशातूनच येतात. त्यामुळे हा कारखाना दिवसा जोरात चालतो आणि अंधार पडला की थोड्याच वेळात मंदावतो. रात्रीच्या लाइटीवर आपण पाणी भरत असतो तेव्हा रोप नायट्रेट पेशींत साठवून उजाडायची वाट पाहत असतं.

अमोनियाही पेशीला मोकळा ठेवता येत नाही. त्याला लगेच ग्लुटामेटशी जोडून ग्लुटामिन बनवलं जातं आणि तिथून बाकीची अमिनो आम्लं तयार होतात. हा जोडकामाचा सांगाडा कार्बनचा असतो आणि तो रोपाला स्वतःच्या साखरेतूनच काढावा लागतो. हा मुद्दा शेतकऱ्यांपर्यंत नीट पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. युरिया म्हणजे रोपाचं जेवण असं आपण समजतो. प्रत्यक्षात प्रत्येक घास नत्र पचवायला रोपाला गाठीची साखर मोजावी लागते. साखर भरपूर असेल तर नत्राचं सोनं होतं. ढगाळ हवा, दाट पेरणी किंवा तहानलेलं रोप असेल तर तेच नत्र अंगावर येतं.

नत्राचा डोस दिल्यावर आठवड्याभरात गहू काळपट हिरवा दिसतो. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मॅग्नेशियमभोवती नत्राचे चार अणू असतात, त्यांचा हा रंग. पण पानातलं सगळ्यात मोठं कोठार हरितद्रव्य नाही, ते आहे रुबिस्को, हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर. रुबिस्को अतिशय संथ आहे, सेकंदाला जेमतेम तीन रेणू पकडतं. मग रोप काय करतं? कामगार संथ म्हणून ढीगभर कामगार ठेवतं. पानातल्या एकूण नत्राचा साधारण चौथा हिस्सा या एकट्या विकरात गुंतलेला असतो.

नत्र गरजेपेक्षा जास्त झालं की साखरेचा ओघ पानं आणि अमिनो आम्लांकडे वळतो आणि खोडाच्या भिंतींना कमी पडते. पानं एकमेकांवर सावली धरतात, खालची कांडी लांब आणि नाजूक होते, निसवल्यावर पाणी दिलं आणि वारा सुटला की गहू लोळतो. रसात अमिनो आम्लं वाढलेली असतात, ती मावा या रस शोषणाऱ्या किडीला आवडतात. तांबेरा रोगालाही हिरवं, दाट, ओलसर पीक मानवतं.

ओंब्या बाहेर पडल्या की नत्राचा दुसरा प्रवास सुरू होतो. दाण्यात जाणारं बहुतेक नत्र त्या वेळी जमिनीतून येत नाही, ते पानांतून येतं. पान आपलं रुबिस्को मोडायला घेतं, त्याची अमिनो आम्लं खोडातून ओंबीकडे पाठवतं आणि स्वतः पिवळं पडत जातं. फेब्रुवारीअखेर शेत पिवळं होताना दिसतं ते हे स्थलांतर. 2006 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी रानटी एमर गव्हातलं एक जनुक ओळखलं, ते पान वेळेवर पिकवतं. प्रयोगात त्याचं काम दाबलं तेव्हा गहू तीन आठवड्यांहून जास्त हिरवा राहिला, पण दाण्यातली प्रथिनं, जस्त आणि लोह 30 टक्क्यांहून जास्त घटलं. हिरवं पान नत्र स्वतःकडेच धरून बसलं होतं.

खानदेशात हे आणखी महत्त्वाचं, कारण आपला हिवाळा तोकडा आहे. जास्त नत्राने पीक उशिरा पिकतं आणि दाणा चिकात असताना उन्हाचा तडाखा बसतो. पिष्ट बनवणारी विकरं उष्णतेला लवकर हार मानतात, प्रथिनं त्यामानाने तग धरतात. दाणा सुरकुततो. त्यात प्रथिनांचं प्रमाण वर गेलेलं दिसतं, पण पोत्यात वजन भरत नाही.

म्हणून अर्धं नत्र पेरताना आणि अर्धं एकवीस दिवसांनी, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटताना देतात. फुटवे त्याच वेळी ठरतात. ओंबी निसवायच्या सुमारास मिळालेलं नत्र उत्पादन फारसं वाढवत नाही, ते दाण्यातल्या प्रथिनाला जातं.

पिवळं रोप दिसलं की बांधावरून सल्ला येतो, युरिया टाक. त्याआधी रोप हातात घेऊन कोणतं पान पिवळं आहे ते बघायला हवं. नत्र रोपात फिरतं, तुटवडा पडला की रोप जुन्या पानातलं काढून कोवळ्या पानाला देतं, म्हणून खालचं पान टोकाकडून पिवळं पडतं. वरचं कोवळं पान पिवळं असेल तर गंधक किंवा लोह कमी पडलेलं असण्याची शक्यता मोठी. आपल्या चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं आहे आणि तिथे युरियाची गोणी फुकट जाते.

गंधकाचा मांड्याशी थेट संबंध आहे. ग्लुटेनिनचे धागे एकमेकांना गंधकाच्या दुव्यांनी बांधलेले असतात. नत्र भरपूर आणि गंधक कमी असेल तर कणीक ताठर होते, कमी ताणली जाते. पेरणीच्या डीएपी खतात गंधक नाही, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते अकरा टक्क्यांच्या आसपास असतं. वाणाचा वाटा आहेच, लोकवनचं पीठ वेगळं आणि बन्सीचं वेगळं. पण यंदा पेरणीला मामांनी डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट आणलं आणि एकवीस दिवसांनी युरियाची एकच गोणी फोकली. आखाजीला नव्या गव्हाचा पहिला गोळा मामीच्या मनगटावरून कोपराकडे निघाला तेव्हा मामा चुलीपाशी येऊन उभे राहिले होते.