दोन आकड्यांच्या मधला आवाज

सीडीवर गाणं सलग नसतं. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून मिळालेल्या आकड्यांची ती एक रांग असते. ती तशीच वाजवायची तर प्रश्न नाही. पण सूर अर्ध्या स्वराने चढवायचा म्हटलं, की संगणकाला दोन आकड्यांच्या मधली किंमत लागते, आणि तिथे तर कुणी मोजमाप घेतलेलंच नाही. तत्त्वतः ती किंमत अचूक काढता येते, पण त्यासाठी रांगेतले मागचे-पुढचे सगळे आकडे हाताशी हवेत.

सोपा उपाय म्हणजे बिंदू सरळ रेषांनी जोडणं. मग प्रत्येक बिंदूपाशी कोपरा येतो, आणि कोपऱ्यांमधून मूळ आवाजात नसलेल्या वारंवारता शिरतात. तीव्र सुरांत कानाला हे खुपतं.

जहाजांचे आराखडे हातांनी काढले जात, तेव्हा कारागीर लाकडाची लवचिक पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून धरत. मधल्या भागात पट्टी आपणहून कमीत कमी वाकून बसे. तिचं नाव स्प्लाइन. गणितज्ञ आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ साली हा शब्द गणितात आणला; तिथे स्प्लाइन म्हणजे बिंदूंना गुळगुळीत जोडणारा वक्र.

आता चार आकडे घ्या: ०, ८, ८, ०. मधल्या दोन आठांच्या बरोबर मध्ये काय असेल? सरळ रेषा म्हणते, आठच. कॅटमल-रॉम नावाची स्प्लाइन बाहेरच्या शून्यांकडेही पाहते: आतल्या दोघांच्या बेरजेची नऊपट, वजा बाहेरच्या दोघांची बेरीज, भागिले सोळा. उत्तर येतं ९. लाट आठाशी सपाट होत नाही, वर फुगून मग उतरते. मला हे फार सुंदर वाटतं, कारण खरी ध्वनिलहर अशीच वळते. १०,००० हर्ट्झच्या सुराच्या लाटेची उंची दोन आकड्यांच्या ऐन मध्यावर सरळ रेषेत ७६ टक्केच उरते, या वक्रात सुमारे ९२ टक्के. मात्र आकडे आधीच कमाल मर्यादेला टेकलेले असतील, तर हाच फुगवटा मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटतो. म्हणून थोडी जागा राखून ठेवावी.

खऱ्या लाकडी पट्टीसारखी स्प्लाइन याहून गुळगुळीत असते, पण तिच्यासाठी अख्ख्या रांगेचं गणित एकत्र सोडवावं लागतं. कॅटमल-रॉम चार आकड्यांत भागवते. तिचा उतार तुटत नाही, वाकण्याचा जोर मात्र बिंदूपाशी बदलू शकतो. थेट वाजणाऱ्या वाद्यात पुढच्या आकड्यांसाठी फार थांबता येत नाही, तिथे ही तडजोड मला योग्य वाटते.

जुन्या तबकडीवरच्या ओरखड्याचा ‘टक्’ आवाज काढून दोन-चार आकड्यांची फट बुजवायलाही स्प्लाइन छान चालते. पण फट सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढी झाली, तर ४४१ आकडे गेले. एक हजार हर्ट्झच्या सुराची दहा आवर्तनं त्यात असतात, आणि स्प्लाइन त्या जागी एकच गुळगुळीत कमान काढून मोकळी होते. तिला वळण कळतं, सूर कळत नाही. तिथे दोन्ही बाजूंच्या आवाजावरून मधल्याचा अंदाज बांधणारी पद्धतच लागते.