कुणालाच न दाखवायचं लेखन : थोडी पार्श्वभूमी

मनात साचलेलं कागदावर उतरवा, असं हल्ली समुपदेशक आवर्जून सांगतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्याला ही गोष्ट नवी नाही. फरक एवढाच, की इथलं मन मोकळं करणं आजवर कुणाला तरी उद्देशून होत आलं. पहाटे दळताना सासुरवाशीण आपलं दुःख ओवीतून जात्यालाच सांगायची. घरात जे तोंडावर बोलता येत नव्हतं, ते ओवीत चालून जायचं.

लिहून स्वतःकडे बघण्याचं जुनं उदाहरण बेळगावचंच आहे. १८३१ साली इथे जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र त्यांनी प्रसिद्ध केलं. मनातल्या शंका इतक्या उघडपणे मांडणारं लेखन तेव्हाच्या मराठीत विरळाच. पण समोर वाचक होता आणि त्याला काही पटवून द्यायचं होतं, त्यामुळे त्यातली प्रत्येक शंका शेवटी उत्तराला जाऊन मिळते.

इंदिरा संतांचं उलट आहे. १९४६ साली पती गेले. बेळगावात शिकवता शिकवता त्यांनी तो एकटेपणा आयुष्यभर कवितेत आणला, पण निसर्गाच्या प्रतिमांआडून. चिकोडी भागातल्या एकसंब्याचे जी. ए. कुलकर्णी लोकांत फारसे मिसळत नसत. मोकळे व्हायचे ते पत्रांत. त्या पत्रांचे पुढे खंड निघाले.

वाचकाला बऱ्याच अंशी बाजूला काढलं ते १९८६ सालच्या एका अमेरिकन प्रयोगाने. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला लावलं. काहींनी किरकोळ विषयावर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या आघाताबद्दल : एका गटाने नुसत्या घटना, एकाने नुसत्या भावना, एकाने दोन्ही. दोन्ही लिहिणाऱ्यांना त्या क्षणी जास्तच उदास वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम सरासरीने लहानच निघाला. लहान असला तरी वही-पेनाच्या खर्चात मिळणारा आहे, म्हणून तो आम्हाला मोलाचा वाटतो.

करायचं असेल तर असं करा. शंभर पानी वही वेगळी ठेवा, मोबाईलवर १५ मिनिटांचा गजर लावा आणि हात न थांबवता लिहा. शुद्धलेखन बघायचं नाही. काय घडलं, तेव्हा काय वाटलं, आज काय वाटतंय, हे तिन्ही यायला हवं. चारही दिवस विषय एकच चालेल. भाषा भांडण ज्या भाषेत झालं तीच घ्या. शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात झाली असेल तर मराठी लिहिताना हात अडखळतो. मग कन्नड लिपीत लिहा, मध्येच भाषा बदला. ‘जीव नको होऊलाय’ असं आलं तर तसंच राहू द्या, त्याचं प्रमाण मराठी करत बसू नका.

फसतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, चारही दिवस तेच वाक्य फिरत राहतं : ‘त्यांनी माझं वाटोळं केलं.’ हे नुसतं उगाळणं झालं. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता कळतंय’ असे शब्द वाढत गेलेले आढळतात. म्हणून तिसऱ्या दिवशी तीच घटना समोरच्या माणसाच्या जागेवरून लिहून बघा. दुसरं, वही कुणाच्या तरी हाती लागेल ही धास्ती. दोन खोल्यांत सहा माणसं राहत असतील तर ती खोटी नाही, आणि अशा धास्तीत माणूस सावरून, गोड करून लिहितो. सुट्या कागदावर लिहा आणि उठण्याआधी बारीक फाडून टाका. गावातल्या साहित्य संमेलनाच्या कविसंमेलनात वाचायचं म्हणून मात्र यातलं काही राखून ठेवू नका. तसा विचार शिरला की वाचक परत आला.

मृत्यू, अपघात, अत्याचार अगदी ताजा असेल तर काही आठवडे जाऊ द्या. लिहिताना छाती धडधडली, झेपेनासं झालं, तर तिथेच थांबा. चार दिवसांनंतरही झोप लागत नसेल किंवा कधीही जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवून १४४१६ या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं. प्रत्यक्ष उपचारांसाठी धारवाडची डिम्हान्स ही सरकारी मानसोपचार संस्था जवळ आहे.