मूत्रवह संस्थेचे क्ष-किरणरोधी चित्रण

मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय व मूत्रमार्ग यांच्या पोकळ्या साध्या क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून किरण अडविणारे आयोडीनयुक्त द्रव्य त्यांत पोहोचवून घेतलेल्या चित्रांना ही संज्ञा लावतात. द्रव्य शिरेतून दिल्यास मूत्रपिंडे ते गाळून मूत्रात उतरवितात (आयव्हीपी, म्हणजे इंट्राव्हेनस पायलोग्राफी), त्यामुळे रचनेबरोबर कार्याचाही अंदाज येतो. मूत्रमार्गाच्या बाजूने, म्हणजे खालून, सोडल्यास केवळ पोकळीचा आकार कळतो.

खालून द्रव्य सोडण्याची रीत आधीची असून १९०६ मध्ये फेल्कर व फोन लिख्टेनबेर्ग या जर्मनीतील डॉक्टरांनी त्यासाठी चांदीचे कलिल (कोलॉइड) वापरले. शिरेतील पद्धतीचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. १९२३ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये (नागपूरच्या मेयो रुग्णालयाशी त्याचा संबंध नाही) उपदंशावर सोडियम आयोडाइड दिलेल्या रुग्णांच्या मूत्राशयाची छाया चित्रात उमटल्याचे आढळले. पण ती फिकट होती. पुढे बिंत्स व रेट या जर्मन रसायनज्ञांनी जंतुसंसर्गावरील औषधे म्हणून तयार केलेल्या सिलेक्टन या आयोडीनयुक्त गटातील संयुगांचा मूत्रचित्रणासाठी उपयोग होईल, हे मोझेस स्विक या तरुण अमेरिकी डॉक्टरने जर्मनीत ताडले आणि १९२९ मध्ये त्यांतील युरोसिलेक्टन हे शिरेतून देण्याचे द्रव्य पुढे आले. ते जगापुढे मांडण्यात स्विकचे वरिष्ठ फोन लिख्टेनबेर्ग अग्रभागी असल्याने श्रेय बराच काळ त्यांच्याकडे गेले. मूळ कल्पना स्विकची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बिंत्स-रेट यांचा रासायनिक वाटा मात्र त्यामुळे कमी होत नाही.

मूत्र दाट होऊन छाया गडद यावी म्हणून तपासणीपूर्वी रुग्णाचे पाणी तोडण्याची प्रथा पूर्वी होती. आता ती टाळतात, कारण शरीरातील पाणी घटल्यास मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तेव्हा ही खबरदारी विशेष महत्त्वाची ठरते. तपासणीआधी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे कार्य दर्शविणारा घटक) पाहतात व पूर्वी ॲलर्जी झाली होती का, हे विचारतात. १९६० च्या दशकाअखेर स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञ आल्मेन यांनी सुचविलेल्या अन्-आयनिक (नॉन-आयॉनिक, म्हणजे पाण्यात आयनांत न विभागणाऱ्या) द्रव्यांमुळे उलटी, अंगात उष्णता जाणवणे इत्यादी त्रास बरेच घटले.

मुतखड्यासाठी आता बहुधा द्रव्याविना सीटी स्कॅन करतात आणि आयव्हीपीची जागा सीटी युरोग्राफीने (द्रव्य देऊन केलेल्या मूत्रवह संस्थेच्या सीटी स्कॅनने) घेतली आहे. मूत्रमार्ग आकुंचनासाठी आरजीयू (खालून द्रव्य सोडून घेतलेले मूत्रमार्गाचे चित्र), तर मुलांमध्ये मूत्र मूत्रवाहिनीत उलटे चढते का हे पाहण्यासाठी एमसीयू (मूत्राशयात द्रव्य भरून लघवी करताना घेतलेले चित्र) अद्याप प्रचलित आहे; या उलट प्रवाहाच्या पाच श्रेणी मानतात.