प्रीमियर लीग डार्ट्स आणि डार्ट्सची विश्व स्पर्धा: हरलेला पुढे कुठे जातो?

जानेवारी 2024 मध्ये ल्यूक लिटलर नावाचा सोळा वर्षांचा पोरगा लंडनमध्ये ल्यूक हम्फ्रीजकडून डार्ट्सचा अंतिम सामना हरला. मे 2024 मध्ये त्याच लिटलरने लंडनमध्येच त्याच हम्फ्रीजला अंतिम सामन्यात हरवलं. पुढच्या वर्षी उलटं झालं. जानेवारी 2025 मध्ये लिटलर जिंकला (समोर मायकल व्हॅन गर्वेन होता) आणि मे महिन्यात हम्फ्रीजकडून हरला. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी क्लिपा बघणाऱ्या माणसाचा गोंधळ झाला नाही तरच नवल. खेळाडू तेच, बोर्ड तोच, रंगीबेरंगी सोंगं घेऊन बसलेले प्रेक्षकही जणू तेच. दोन्ही स्पर्धांची संस्थाही एकच, पीडीसी (प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन).

जानेवारीतली ती विश्व स्पर्धा, मे महिन्यातली प्रीमियर लीग. (लेकसाइडची म्हणून ओळखली जाणारी आणखी एक विश्व स्पर्धा आहे, पण ती वेगळ्या संघटनेची. तिला इथे बाजूलाच ठेवू.)

आधी नावाचं बघू. 'प्रीमियर लीग' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लिलाव, संघ आणि मालक येतात. इथे त्यातलं काहीच नाही. आठ खेळाडू, प्रत्येकजण स्वतःपुरता. फेब्रुवारीपासून दर गुरुवारी ही मंडळी वेगळ्या शहरात जमतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधली शहरं, मधूनच रॉटरडॅम किंवा बर्लिन. 2022 पासूनची पद्धत अशी की दर गुरुवारी एक छोटी बाद स्पर्धा होते. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, सगळं एका संध्याकाळी. जिंकणाऱ्याला 5 गुण, अंतिम सामना हरणाऱ्याला 3, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना 2-2, आणि पहिल्याच सामन्यात गार झालेल्यांना भोपळा. असे सोळा गुरुवार झाले की पहिले चौघे मे महिन्यात लंडनच्या ओ-टू अरीनात भिडतात आणि त्या रात्री चषकाचा निकाल लागतो.

विश्व स्पर्धेत गुण नाहीत, तक्ता नाही. डिसेंबरच्या मध्यावर लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये सुरू होते, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते, आणि हरला तो घरी. प्रीमियर लीगमध्ये गुरुवारी 6-0 ने धुलाई झालेला खेळाडू पुढच्या गुरुवारी पुन्हा ताजातवाना उभा राहतो. अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये मात्र एक वाईट संध्याकाळ पुढच्या डिसेंबरापर्यंत मनात खुपत राहते. माझ्या मते दोन स्पर्धांमधला खरा फरक हाच, आणि बाकीचे बरेच फरक याच्याच पोटात आहेत.

आता लेग आणि सेट, कारण गुणफलक बघताना सगळ्यात जास्त लोक इथेच अडखळतात. बोर्डावर फेकलेल्या डार्टांचे (छोट्या बाणांचे) गुण 501 मधून वजा करत नेमकं शून्यावर यायचं, आणि शेवटचा डार्ट डबलच्या, म्हणजे दुप्पट गुणांच्या, अरुंद पट्टीत किंवा अगदी मधल्या बुलमध्ये बसलाच पाहिजे. हे एकदा जमलं की एक लेग. प्रीमियर लीग फक्त लेग मोजते. गुरुवारी जो आधी 6 लेग घेईल तो जिंकला, ओ-टूवरच्या अंतिम सामन्यात जो आधी 11 घेईल तो. म्हणून तिथे 11-7, 11-8 असे आकडे दिसतात. 2024 चा 11-7 हा लिटलरचा, त्यात त्याने नऊ डार्टमध्ये एक लेग संपवला होता. 501 याहून कमी डार्टांत संपतच नाही.

विश्व स्पर्धेत तीन लेग जिंकले की एक सेट मिळतो आणि अंतिम सामना जिंकायला सात सेट लागतात. प्रत्येक सेटनंतर लेगची पाटी कोरी होते. यातून एक गंमत निघते. समजा एकाने सात सेट 3-2 असे घासून घेतले आणि पाच सेट 0-3 असे सपशेल गमावले. त्याचे लेग झाले 21, समोरच्याचे 29, तरी विश्वविजेता 21 वाला! इतकं टोकाचं सहसा होत नाही, पण 'जास्त लेग कोणाचे' हा प्रश्न तिथे निरर्थक ठरतो एवढं खरं. निकडीच्या दोन लेगांना माणूस कसा उभा राहतो, यावर सगळं ठरतं.

याचं सर्वांत भारी उदाहरण 2007 चं. तेव्हा स्पर्धा पर्फ्लीटच्या सर्कस टॅव्हर्नमध्ये होत असे. फिल टेलरने रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्डवर 3-0 अशी सेटची आघाडी घेतली होती. तिथून 6-6 झालं. शेवटच्या सेटमध्ये दोन लेगांची आघाडी लागते, तीही कोणाला मिळेना. लेग 5-5 झाल्यावर नियमाप्रमाणे एकच निर्णायक लेग उरला, आणि तो बार्नेव्हेल्डने घेतला. सलग एकोणीस-वीस लेगांच्या सरळ शर्यतीत असा श्वास रोखायला लागत नाही. मार्चमधले काही गुरुवार तर, खरं सांगायचं, सवयीने बघितले जातात.

प्रीमियर लीगची जुनी पद्धत मला जास्त आवडायची. 2005 मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून ती खरोखर साखळी होती, प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळायचा, आणि सामना बरोबरीतही सुटायचा. फेब्रुवारी 2020 मध्ये नॉटिंगहॅमला फॅलन शेरॉकने ग्लेन ड्युरंटला 6-6 असं रोखलं. शेरॉक नियमित खेळाडू नव्हती, त्या एका रात्रीची पाहुणी होती. बोलावणं आलं ते डिसेंबर 2019 मधल्या पराक्रमामुळे: विश्व स्पर्धेत सामना जिंकणारी ती पहिली स्त्री, आणि एक नव्हे, दोन सामने जिंकली. ड्युरंट पुढे त्या वर्षीची प्रीमियर लीग जिंकला. आताच्या पद्धतीत बरोबरी नाही, त्यामुळे तसा 6-6 पुन्हा दिसणार नाही.

'बोलावणं' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रीमियर लीगला पात्र ठरता येतं ते फक्त क्रमवारीतल्या पहिल्या चौघांना. उरलेल्या चौघांना आयोजक निवडतात, आणि त्यात कोणाला बघायला लोक तिकीट काढतील हा हिशेबही असतोच. जानेवारी 2024 मध्ये लिटलर क्रमवारीत तिशीच्या आसपास होता, तरी त्याला घेतलं. विश्व स्पर्धेचं दार याहून पुष्कळ रुंद आहे. आधी 96 खेळाडू असत, 2026 च्या स्पर्धेपासून 128 झाले, त्यात देशोदेशीचे पात्रता खेळून आलेले. त्याच स्पर्धेत नितीन कुमारने रिचर्ड व्हीन्स्ट्राला हरवलं आणि विश्व स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय ठरला. दुसऱ्या फेरीत त्याची गाठ स्टीफन बंटिंगशी पडली. बंटिंग 2025 च्या प्रीमियर लीगमधल्या आठांपैकी एक. नितीनची स्पर्धा तिथे संपली, पण असा माणूस असा सामना खेळू शकतो तो याच दारातून आल्यावर.

पैशाचंही असंच. डार्ट्सची क्रमवारी म्हणजे दोन वर्षांत जिंकलेल्या बक्षिसांची बेरीज. विश्वविजेत्याचं बक्षीस आधी 5 लाख पौंड होतं, 2026 च्या स्पर्धेपासून 10 लाख झालं, आणि ते सगळं या बेरजेत धरलं जातं. प्रीमियर लीगच्या विजेत्याला 2025 मध्ये 2 लाख 75 हजार पौंड मिळाले, क्रमवारीत त्यातला एक पैसाही धरला गेला नाही. हे योग्यच आहे. आठ निमंत्रितांची कमाई मोजली तर ते आठजण वर आणि बाकीचे कायम खाली, असं होऊन बसेल. तेव्हा व्हॅन गर्वेनने सात वेळा प्रीमियर लीग जिंकली हा विक्रम मोठाच, पण क्रमवारीतलं त्याचं स्थान त्यातून आलेलं नाही.

तारखांचा घोळ राहिलाच. '2026 ची विश्व स्पर्धा' सुरू झाली डिसेंबर 2025 मध्ये. वर्ष लिहायचं ते अंतिम सामन्याचं. प्रीमियर लीगचा गोंधळ वाराचा आहे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, त्यामुळे भारतातल्या वेळापत्रकात पुष्कळदा शुक्रवार लिहिलेला दिसतो. पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो, त्या हिशेबाने तो गुरुवारच.