मंगलोरी कौलं मंगलोरची तरी कुठे?

आमच्या गल्लीतला वाडा गेल्या महिन्यात पाडला. कौलं उतरवून रस्त्याकडेला रचली होती, सहज एक उचलून पालथं केलं तर मागे उठावात बासेल मिशन टाइल वर्क्स आणि 1865. शेजारचे काका लगेच, बघ, वाडा 1865 चा! अहो काका, ते कारखान्याचं साल, कौल त्यानंतरचं कधीचंही असेल.

पुण्यात मिशनऱ्यांचं बांधकाम म्हटलं की सगळे पंचहौदच्या चर्चकडे बोट दाखवतात, 1885 चं, तो उंच मनोरा पेठेत कुठूनही दिसतो. पण त्याचं बघून कुणी आपलं घर तसं बांधलं नाही. घरं बदलली ती या कौलाने.

बासेल मिशन म्हणजे स्वित्झर्लंडचं, 1834 पासून मंगलोरात. ख्रिस्ती झालेल्यांना जात वाळीत टाकायची, मग त्यांच्या पोटापाण्याचं काय, म्हणून मिशनने विणकाम, छापखाना असं सुरू केलं आणि छापखान्यातल्याच जॉर्ज प्लेब्स्टने नदीकाठच्या मातीवर प्रयोग करून 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला. गंमत म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची मूळ आयडिया फ्रान्समधल्या अल्सासच्या जिलार्दोनी बंधूंची, 1841 ची.

त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौलं, चाकावर नळकांडं करून मधून कापलेली, थरावर थर नुसती ठेवायची. माकड किंवा मांजर गेलं की सरकली, म्हणून दर मे महिन्यात कौलं चाळायला माणूस बोलवायचा. मंगलोरी कौलाला खाचा असतात, एकाचा ओठ दुसऱ्यात बसतो, एकच थर पुरतो, छप्पर हलकं होतं. पण त्याला रिपा, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, मोजून सारख्या अंतरावर लागतात, वाकडातिकडा वासा चालत नाही, म्हणजे सुताराचं कामच बदललं. कुंभाराचं तर गेलंच, त्याबद्दल कोण बोलतं?

किनाऱ्याने गलबतातून माल मुंबईला यायचा, आणि 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे झालेली, त्यामुळे पुढे घाटावरही रस्ता मोकळा. मग कचेऱ्या, शाळा, स्टेशनं आणि शेवटी वाडे. पहिल्या महायुद्धात जर्मन संबंधांमुळे इंग्रजांनी मिशनचे कारखाने काढून घेतले, पण तोवर इतरांनी तसेच कारखाने काढले होते आणि नाव मंगलोरीच राहिलं.

वाड्याची कौलं टेम्पोत भरून गेली, म्हणे कोरेगाव पार्कातल्या कुठल्याशा कॅफेला लावणारेत. एक मी ठेवून घेतलंय, तुळशीच्या कुंडीखाली.